गिदोनाचा गडी

प्रश्न थोडक्यात असा: "सिस्टर, मी ३८ वर्षांचा आहे, इंदूरला सुदामा नगरात राहतो. बाबा ५२ व्या वर्षी झोपेतच हार्ट अटॅकने गेले. गेले पाच महिने रात्री दीड-दोनला दचकून जाग येते, छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात, वाटतं आता आपलीही वेळ आली. दोनदा ईसीजी काढला, नॉर्मल आला. बायकोला सांगितलेलं नाही. प्रार्थनासभेत एकदा 'भीती वाटते' एवढंच म्हणालो, तर एक भाऊ म्हणाले, शास्त्रात 'भिऊ नको' ही आज्ञा आहे, तेव्हा भीती हे अविश्वासाचं पाप, पश्चात्ताप कर. केला. भीती गेली नाही, वर आता पापाचीही भीती वाटायला लागली. काय करू?"

तुला एकेरीच लिहिते, माझा थोरला तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे. ३१ वर्षं नर्सिंग केलं, त्यातली शेवटची अकरा आयसीयूत. निवृत्तीनंतर मंडळीतल्या आजाऱ्यांना भेटायला जाते. मी पाळक नाही, ईश्वरज्ञानाची पदवी माझ्याकडे नाही. रात्री दोनची भीती मात्र पुष्कळ पाहिली आहे. पलंगावरची पाहिली, आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर बसलेल्या माणसाचीही.

आधी छातीचं बघू, कारण शास्त्र उघडायच्या आधी मी नाडी बघते, ती सवय जात नाही. वडील ५५ च्या आत हृदयविकाराने गेले असतील तर डॉक्टर मुलाच्या बाबतीत ती जोखीम धरतात. म्हणजे तुझी भीती अगदीच हवेतली नाही. आराम करताना काढलेला ईसीजी त्या मिनिटापुरतं सांगतो, त्याने सगळं कळत नाही. एखाद्या हार्टच्या डॉक्टरकडे नीट वेळ घेऊन जा, बाबांचं वय सांग, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तपासून घे. टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) किंवा इको (हृदयाची सोनोग्राफी) लागेल का ते त्यांना ठरवू दे. थायरॉइडही बघायला सांग, त्याने धडधड होते आणि लोक वर्षभर तेल लावून प्रार्थना करत बसतात. जिना चढताना छाती भरून येणं, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, दरदरून घाम येणं, यातलं काहीही झालं तर त्याला भीती म्हणून उडवून लावू नकोस. सरळ १०८ ला फोन कर.

तपासण्या चांगल्या आल्या तर मग तू सांगतोस ते बहुतेक पॅनिक अटॅकचं चित्र आहे. घाबरल्यावर श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्यानेच बोटांना मुंग्या येतात आणि डोकं हलकं होतं. माणसाला वाटतं मुंग्या म्हणजे अटॅक, तो आणखी घाबरतो, श्वास आणखी वाढतो. ही लाट साधारण दहा मिनिटांत चढते आणि मग आपसूक ओसरते. त्या वेळी उठून बस, पाय जमिनीवर टेकव, चार मोजत श्वास घे आणि सहा मोजत सोड. सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं. आणि हो, दिवसाला चहा किती होतो? आपल्याकडे माणूस चौकात उभा राहिला की हातात कट चहा येतोच. संध्याकाळी पाचनंतरचा बंद कर. मेडिकलवाल्याकडून झोपेची गोळी परस्पर आणू नकोस, त्या गोळीची सवय लागते.

महिनाभरात फरक पडला नाही तर मानसोपचाराच्या डॉक्टरला भेट. एम.वाय. या सरकारी हॉस्पिटलमध्ये विभाग आहे. सरकारची टेलिमानस म्हणून हेल्पलाइन आहे, १४४१६, ती रात्री दोनलाही उचलतात. गोळी लिहून दिली तर घे. तिचा गुण यायला काही आठवडे जातात, आठ दिवसांत सोडू नकोस. यात विश्वासाचा कमीपणा कसला? चष्मा लावणाऱ्याला कोणी पश्चात्ताप करायला सांगत नाही.

आता तुझा खरा प्रश्न.

त्या भाऊंना मी ओळखत नाही, त्यांच्यासारखे तीन-चार ओळखते. यांचं एक ठरलेलं वाक्य असतं, की बायबलमध्ये 'भिऊ नको' बरोबर ३६५ वेळा आहे, दिवसाला एक. मी एका उन्हाळ्यात रजेवर असताना शब्दकोश घेऊन मोजायला बसले होते. ३६५ काही भरत नाहीत, त्याच्या जवळपासही नाही. पण मोजता मोजता एक लक्षात आलं. ते वाक्य एकटं फार क्वचित येतं. त्याला शेपूट असतं. यशया ४१:१० काढ: "तू भिऊ नको, कारण मी तुझ्याबरोबर आहे." वजन त्या 'कारण'वर आहे. मूल अंधारात रडत उठलं की आई जाऊन म्हणते, "नको रे भिऊ, मी आहे ना." ही आज्ञा झाली का? ती मोडली म्हणून मुलाला कोणी शिक्षा करतं का? त्या भाऊंनी वाक्याचा पहिला अर्धा तुझ्या हातात ठेवला आणि दुसरा अर्धा स्वतःच्या खिशात घातला.

बायबलच्या शास्ते पुस्तकाचा ७ वा अध्याय वाच. उपदेशात हा भाग निम्माच सांगतात. मिद्यानी लोकांशी लढायचं आहे, इस्राएलांचा सेनापती गिदोन याच्याकडे ३२ हजार माणसं जमली आहेत. देव म्हणतो, जो भितो त्याने घरी जावं. २२ हजार निघून जातात! त्यांना कोणी शाप दिला नाही, पश्चात्ताप करायला लावला नाही. पुढे गाळून गाळून ३०० उरतात, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यानंतरची रात्र कोणी सांगत नाही. देव गिदोनाला म्हणतो, ऊठ, खाली त्यांच्या छावणीवर जा. आणि लगेच पुढे म्हणतो, एकट्याने जायला भीत असशील तर तुझा गडी पुरा याला बरोबर घेऊन जा.

आणि गिदोन पुराला घेऊन गेला. म्हणजे तो भीत होता. २२ हजार भित्रे घरी पाठवून जो सेनापती उरला, तोही भीतच होता. देवाने त्याला नुसतं वचन ऐकवलं नाही, बरोबर एक माणूस दिला. त्या पुराबद्दल शास्त्रात पुढे काही नाही. तो शूर होता की नाही, कळत नाही. तो रात्री बरोबर चालला, एवढंच त्याचं काम.

याच्या अगदी उलटं एलीया संदेष्ट्याचं, १ राजे १९ मध्ये. कर्मेल डोंगरावर नुकताच एवढा विजय, आणि ईजबेल राणीचा एक निरोप येताच माणूस जीव घेऊन पळाला. बैर-शेबापर्यंत आला, तिथे त्याने आपला गडी ठेवून दिला आणि एकटा एका दिवसाच्या वाटेवर रानात गेला. झुडपाखाली बसून मरण मागायला लागला. मी हा अध्याय वाचताना नेहमी त्या 'गडी ठेवून दिला'पाशी थांबते. भीतीची पहिली चाल हीच असते, बरोबरच्या माणसाला मागे ठेवायला लावते. तू बायकोला सांगितलेलं नाहीस. तुझं बैर-शेबा तेच.

आणि तिथे देवाने काय केलं? दूत आला, एलीयाला हात लावून उठवलं, म्हणाला खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. तो खाऊन पुन्हा झोपला. दुसऱ्यांदा उठवलं, पुन्हा खायला घातलं. होरेबचा डोंगर, वारा, भूकंप, ती मंद वाणी, हे सगळं नंतर, चाळीस दिवसांनी. आधी दोन वेळचं जेवण आणि दोन वेळची झोप. नाइट ड्यूटीला नव्या आलेल्या मुलींना मी हे सांगायचे. घाबरलेल्या नातेवाइकाला आधी विचारा, सकाळपासून काही खाल्लंत का.

पण सगळ्यांत मोठी साक्ष वधस्तंभाच्या आदल्या रात्रीची, गेथशेमाने बागेतली आहे. येशू घाबरला. हे वाक्य लिहिताना काहींचा हात अडखळतो, माझा नाही अडखळत, कारण शुभवर्तमान तेच सांगतं. "माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे" हे शब्द त्याचे स्वतःचे आहेत. रक्ताच्या थेंबांसारखा घाम पडला असं लूकने लिहिलं आहे, आणि लूक वैद्य होता. भीती हेच पाप असेल, तर मग त्या रात्रीचं काय करायचं? तो नुसता घाबरला असंही नाही, त्याने ते सांगितलं. पेत्र, याकोब, योहान यांना बरोबर घेतलं आणि म्हणाला, इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. देवाच्या पुत्राला त्या रात्री सोबत हवी होती. तिघेही झोपले, तो भाग वेगळा. त्याने तो दुःखाचा पेला टळावा म्हणून मागितलं, एकदा सोडून तीनदा. टळला नाही. तरी तो उठून समोर गेला. धैर्याची याहून खरी व्याख्या मला कुठे सापडलेली नाही, आणि तीत भीती न वाटण्याचा भाग कुठेही नाही.

भाऊ आता वादळातल्या होडीची गोष्ट काढतील. येशूने तिथे शिष्यांना 'का घाबरलात' म्हणून विचारलंच आहे ना? विचारलं आहे. मार्कात आधी वारा शांत केला आणि मग विचारलं, मत्तयात आधी विचारून मग वारा शांत केला. गालील समुद्र म्हणतात ते खरं तर तळं, चहूकडे डोंगर, समुद्रसपाटीपेक्षा दोनशे मीटर खाली. वरून गार वारा अचानक उतरतो. शिष्यांतले काही त्याच पाण्यावरचे कोळी, ते घाबरले म्हणजे वादळ खरंच मोठं असणार. पण विचारणारा त्याच नावेत होता, त्याचेही कपडे भिजले होते. किनाऱ्यावर छत्रीखाली उभं राहून कोणी तेच विचारलं तर त्याचा अर्थ बदलतो.

आता माझं सांगते. २०१४ ला मला छातीत गाठ लागली. आयुष्यभर हजारो लोकांना "घाबरू नका" म्हटलेलं तोंड माझं. आठ दिवस मी कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. ड्यूटी करत होते, इंजेक्शनं देत होते, आणि औषधांच्या खोलीत जाऊन रडत होते. स्तोत्र २३ पाठ होतं, पण तोंडातून निघेना. रविवारी उपासनेत गाणं सुरू झालं की मी बाहेर येऊन चपला नीट लावत बसायचे. बायोप्सी झाली, रिपोर्ट आणायच्या दिवशी आमच्या वॉर्डची आया माझ्या मागे मागे आली. देवासकडची बाई, चर्चची पायरी कधी चढलेली नव्हती. तिला कसं कळलं होतं देव जाणे. लॅबच्या बाहेर बाकावर बसली, डबा उघडला, अर्धे पोहे मला दिले. म्हणाली, "खा लो सिस्टर, रिपोर्ट भागी थोड़ी जा री है." दोन तास ती हलली नाही. त्या बाकावर मला स्तोत्र २३ मधली मृत्युच्छायेच्या दरीतली ती ओळ पहिल्यांदा ऐकू आली: "कारण तू माझ्याबरोबर आहेस." तोवर मी ती नुसती म्हणत होते.

गाठ साधी निघाली. लगेच मला सांगण्यात आलं की रविवारी उभं राहून साक्ष द्या, देवाने प्रार्थना ऐकली. मी दिली नाही. त्याच दिवशी त्याच खिडकीतून एका बाईला वाईट रिपोर्ट मिळाला होता, आणि तिच्या हातात जपमाळ होती. तिची प्रार्थना माझ्यापेक्षा कमी पडली असं मी देवळात उभी राहून कसं म्हणू? पोह्यांची साक्ष द्यायला हवी होती, ती राहिलीच.

म्हणून तुला पहिलं काम: आज रात्री बायकोला सांग. दिवसा, चांगला मूड बघून वगैरे ठरवलंस तर आणखी पाच महिने जातील. दीडला जाग आली की तिला उठव आणि म्हण, मला भीती वाटते, जरा बस. तिने काही बोलायची गरज नाही. तिला वाईट वाटेल ते तू पाच महिने लपवलंस याचं. ते ऐकून घे.

दुसरं, नुसतं 'भीती वाटते' म्हणू नकोस, तिचं नाव घे. मरणाची भीती म्हणणाऱ्या दहा जणांना मी खोदून विचारलं तर सात-आठ जणांची भीती वेगळीच निघते. मुलीची फी कोण भरेल, आईला कोण बघेल, बँकेचं हिला काही ठाऊक नाही. अशा भीतीवर नुसती प्रार्थना करणं मला आळशीपणा वाटतो. विम्याचे कागद कुठे आहेत ते बायकोला दाखव, खात्यांवर तिचं नाव नॉमिनी म्हणून आहे का बघ. वधस्तंभावर, श्वास घेणंही कठीण होतं तेव्हा, येशूने आपल्या आईची सोय लावली, शिष्याला म्हणाला ही तुझी आई. ज्याला तिसऱ्या दिवशी उठायचं होतं त्यानेही मागची व्यवस्था केली. तू तर करच.

हे झाल्यावरही मरणाची उघडी भीती थोडी उरेल. ती उरतेच. आपण पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो, पण लाजराच्या कबरेपाशी दोन मिनिटांत त्याला उठवणार असलेला येशूही आधी रडला. मार्काचं शुभवर्तमान सर्वांत जुन्या हस्तलिखितांत जिथे संपतं, तिथे रिकामी कबर पाहून बाया पळून जातात आणि कोणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. पुनरुत्थानाची पहिली सकाळही अशी थरथरती होती. तू बाबांच्या मरणाबद्दल कोणाजवळ नीट बोललास का कधी? तुझ्या प्रश्नात ते एका ओळीत आले आणि गेले. मला वाटतं या पाच महिन्यांत तिथे काहीतरी हललं आहे. कबरस्तानात शेवटचा कधी गेला होतास?

रात्री म्हणायला लांब प्रार्थना नको, घाबरलेल्या डोक्याला ती पेलत नाही. श्वास घेताना 'तू माझ्याबरोबर', सोडताना 'आहेस'. बस. आपली उपासना हिंदीत असते, पण मी पाहिलं आहे, इथे तीन पिढ्या राहिलेली आपली माणसं आयसीयूत मराठीतच पुटपुटतात. आजीने जी भाषा झोपवताना वापरली तीच दीड वाजता कामी येते. तुला 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' आठवत असेल तर तेच म्हण. काहीच सुचलं नाही तर स्तोत्र ८८ वाच. ते शेवटच्या शब्दापर्यंत अंधारातच आहे, शेवटी आभार नाहीत, स्तुती नाही, आणि तरी ते शास्त्रात ठेवलं आहे. वादळात बुडायला लागलेल्या पेत्राची प्रार्थना तर तीनच शब्दांची होती, आणि हात लगेच मिळाला.

एक गोष्ट राहिली. आपल्या भागात कोणी धैर्य शिकवायला लागलं की राणी मारिया या कॅथलिक ननचं नाव निघतं, तुझ्या भाऊंनीही काढलं असेल. १९९५ च्या फेब्रुवारीत उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये तिला मारलं, २०१७ ला इथेच इंदूरला तिला धन्य घोषित केलं. आम्ही कॅथलिक नाही, पण त्या दिवशी मीही गेले होते. तिचं नाव घेऊन भित्र्याला लाजवणं मला पटत नाही. मला त्या कथेतला नंतरचा भाग धरून ठेवतो. तिच्या सख्ख्या बहिणीने, तीही नन, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. "पूर्ण प्रीती भीती घालवून देते" हे योहानाचं वाक्य भाऊ लोक फार म्हणतात. त्यातली प्रीती कोणी करायची, भिणाऱ्याने की त्याच्याजवळ बसणाऱ्याने, हे त्यांनी एकदा त्या बहिणीकडे बघून ठरवावं.

त्या प्रार्थनासभेला महिनाभर नाही गेलास तरी चालेल. उपासना सोडू नकोस, मागच्या बाकावर बस, हवं तेव्हा बाहेर ये, चपला लाव.

मंगळवारी संध्याकाळी मी घरी असते. येताना दोन्ही ईसीजींची फाईल आण आणि बायकोला आण. चहा मी करीन, तुला अर्धा कप.